शिट्टी कुणाच्या गळ्यात?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची आहे. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, दोनदा राज्य स्पर्धेत उतरले. बी.पी.एड. झाल्यावर गावी परत आले. सध्या तालुक्याला एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर जाते. दोन वर्षं झाली, रोज संध्याकाळी गावातल्या शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. पैसे घेत नाही. हजेरीत ३६ नावं आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यातल्या ११ जणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, ८ परत आल्या, त्यातल्याही दोघी मैदानाकडे फिरकल्या नाहीत. एका १५ वर्षांच्या मुलीचं लग्न दसऱ्यानंतर धरलंय, असं कानावर आलंय.

मला खेळातून गावात काहीतरी बदलायचं आहे. मैत्रीण म्हणते, 'सोशल एंटरप्राइज' काढ, हल्ली त्याला फंडिंग मिळतं. गावातले एक पुढारी जर्सी, बूट, मॅट सगळं द्यायला तयार आहेत. पण जर्सीवर त्यांचा फोटो आणि त्यांच्या वाढदिवसाला स्पर्धा हवी. वडील म्हणतात, हे सगळं सोड आणि परीक्षा दे. मी संस्था काढू की कंपनी? आणि यातून माझं पोट भरेल का?

— एक खो-खोवाली, जि. बीड

*

आधी त्या १५ वर्षांच्या मुलीचं बघू. तुझे बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबले तरी चालतील, हा थांबणार नाही.

१०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कर. तिथे तुझं नाव गुप्त ठेवतात. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच, त्यांनाही कळव. अंगणवाडी सेविकेला सोबत घे. मुलीच्या बापाशी एकटीने वाद घालायला जाऊ नकोस आणि मैदानावर सगळ्यांसमोर हा विषय काढू नकोस. 'खो-खोच्या बाईंनी लग्न मोडलं' अशी एकदा हाकाटी झाली, की बाकीच्या ३५ जणींच्या घरची दारं तुला बंद होतील. तू जायचंसच असेल तर तिच्या आजीकडे जा. आजीला कायदा सांगू नकोस, पोरगी खेळते कशी ते सांग. दसरा अजून लांब आहे, याचा फायदा घे. मांडव पडल्यावर पोलीस येऊन लग्न थांबवतात खरे, पण त्या मुलीला नंतर त्याच घरात राहायचं असतं.

आता तुझं पत्र. मला ते वाचताना सारखं वाटत होतं की तू उलट्या बाजूने सुरुवात केली आहेस. संस्था की कंपनी, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा, की 'काहीतरी बदलायचं' म्हणजे नक्की काय? हजेरीवरच्या ११ जणी गेल्या, हे तू आकड्यासकट लिहिलंस. उत्तर तिथेच आहे. दिवाळीनंतरही मुलगी गावात राहावी, शाळेत जावी आणि संध्याकाळी मैदानावर यावी, एवढं एकच धर. व्यसनमुक्ती, स्वच्छता, स्त्रीसक्षमीकरण हे सगळं फलकावर लिहायला छान दिसतं, पण ३६ मुलींची एक बाई एवढं उचलू शकत नाही.

माझाच अनुभव सांगते. तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. एका वर्षी आम्ही 'मुलगी वाचवा' म्हणून तालुकाभराच्या मुलींची कबड्डी स्पर्धा घेतली होती. पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर मुली उन्हात रांगेने बसलेल्या. मग पाच भाषणं, सत्कार, नारळ. अंतिम सामना दिवस मावळताना उरकला. घोषणा होत्या, बॅनर होता, पेपरात फोटोही आला. पुढच्या जूनमध्ये विजेत्या संघातल्या तीन मुली शाळेत नव्हत्या, आणि आमच्यापैकी कुणी चौकशीलाही गेलं नाही. तेव्हापासून मला 'खेळातून समाज बदलतो' हे वाक्य तसंच्या तसं पचत नाही. नुसता खेळ काही बदलत नाही. खेळाचे नियम कोण करतं आणि ते कशासाठी केलेत, तिथे सगळं ठरतं.

याचं मला सापडलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण कोलंबियातलं आहे. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या त्यांच्या खेळाडूकडून चुकून आपल्याच जाळ्यात गोल झाला. संघ परत गेला आणि काही दिवसांत मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. ते शहर तेव्हा टोळीयुद्धांनी पोखरलेलं होतं. युर्गेन ग्रीसबेक नावाचा एक जर्मन माणूस तिथे होता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वस्त्यांमधल्या तरुणांसाठी फुटबॉल सुरू केला, आणि शांततेवर व्याख्यानं ठेवण्याऐवजी खेळाचेच नियम बदलले. संघात मुलं-मुली एकत्र. पहिला गोल मुलीनेच करायचा, नाहीतर मुलांचे गोल धरायचे नाहीत. पंच नाही. सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, आणि सामना संपल्यावर पुन्हा बसून ते पाळले का ते एकमेकांना सांगायचं, त्याचेही गुण. विचार कर, कंबरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्या पोरांना जिंकायचं असेल तर मुलीला पास द्यावाच लागतो, आणि फाऊल झाला तर समोरच्याशी बोलूनच सोडवावा लागतो. कुणी त्यांना 'मुलींचा आदर करा' म्हणत बसलं नाही. आज हा खेळ 'फुटबॉल थ्री' या नावाने अनेक देशांत खेळला जातो.

केनियात नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ साली अशीच युवा क्रीडा संघटना सुरू झाली. तिथे कचऱ्याचे ढीग आणि तुंबलेली गटारं हा रोजचा जाच. त्यांनी काय केलं, तर वस्ती साफ केल्याचे गुण लीगच्या गुणतक्त्यातच घातले. सामना जिंकूनही तुमचा संघ मागे राहू शकतो, कारण शनिवारी तुम्ही झाडू घेऊन आला नाहीत. गंमत म्हणजे त्याच संघटनेतून उभा राहिलेला मथारे युनायटेड २००८ मध्ये केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला. साफसफाई केल्याने खेळ कच्चा राहतो असं नाही.

आपल्या मुंबईतही आहे. कफ परेडजवळच्या आंबेडकर नगरात वाढलेल्या अशोक राठोड यांनी २००६ मध्ये १८ मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, पुढे त्याचं ऑस्कर फाउंडेशन झालं. आजूबाजूची पोरं शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागताना त्यांनी पाहिली होती. त्यांचा नियम सरळ: शाळा नाही, तर फुटबॉल नाही.

पण थांब, हा नियम उचलून तुझ्या मैदानावर आणू नकोस. ससून डॉकचा मुलगा शाळा बुडवतो तेव्हा थोडातरी त्याच्या मनाचा भाग असतो. तुझी मुलगी शाळा बुडवत नाही, तिला बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसवून नेतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोप्यांवर, म्हणजे तोडीवरच्या झोपड्यांत, कुणीतरी लागतं. आणि तू स्वतः त्या भागातली आहेस, तुला मी काय सांगावं, पण इतर वाचकांसाठी सांगते: ऊसतोडीत मजुरीची उचल कोयत्यावर मिळते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलगी लग्नाची झाली की नवा कोयता तयार होतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. तुमच्या पट्ट्यात हे प्रमाण यापेक्षा कितीतरी वर आहे, आणि त्यामागे नुसतं मागासलेपण नाही, हा हिशेब आहे. असं असताना 'शाळा नाही तर खो-खो नाही' म्हटलंस, तर जिची चूक नाही तिलाच तू शिक्षा करशील. त्या दोघी परत आल्या आणि मैदानाकडे फिरकल्या नाहीत ना? मला शंका आहे, त्यांना आपण मागे पडलो याची लाज वाटली असणार.

मग तुझा नियम काय असावा? मला सुचतं ते सांगते, तू मोडतोड कर. ३६ जणींचे १२-१२ चे तीन संघ पाड. वर्षभराची लीग, दर रविवारी सामना. जिंकल्याचे दोन गुण. आठवडाभर बाराच्या बारा जणी शाळेत आणि मैदानावर हजर असतील तर तीन. एखादी सलग दोन दिवस आली नाही तर संघातल्या दोघींनी तिच्या घरी जायचं, तू नाही. दिवाळीनंतर संघातली मुलगी गावात राहिली तर तिच्या संघाला दर महिन्याला जादा गुण. जी जाईलच, तिची जागा भरायची नाही; तिचं नाव हजेरीत तसंच राहील आणि पट्टा पडल्यावर ती परत पाटीवर बसली की तिचा संघ गुण कमावेल. एवढं केलंस की बारा जणींना तेराव्या कुणाची काळजी करावी लागत नाही, आपापल्या बाराव्या मुलीची करावी लागते. खो-खोत बसलेल्या मुलीला पाठीवर थाप पडल्याशिवाय उठता येत नाही. हे मी तुला शिकवायला नको.

आणि मुलगी मागे राहायची म्हणजे कुठे राहायची, हे गुणांनी सुटत नाही. त्यासाठी आत्ताच, पावसाळ्यातच हालचाल कर, कारण मुकादमाची उचल एकदा घरात आली की आईबाप बोलायच्या पलीकडे जातात. मुख्याध्यापकांना भेट, शाळा व्यवस्थापन समितीकडून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव जातो का ते बघ. मोठ्या मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. तुमच्या तालुक्यात जागा आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचार. बाकीच्यांसाठी आजी, मावशी, शेजार. ३६ घरांची एक वही कर: कोण जाणार, मुलीला सांभाळायला मागे कोण आहे. माझ्या मते ही वही कुठल्याही 'प्रोजेक्ट प्रपोजल'पेक्षा मोलाची आहे.

आता पैसा. तुझी मैत्रीण म्हणते 'फंडिंग मिळतं', त्यावर मी एवढंच म्हणेन की फंडिंग मिळतं त्यांना, ज्यांना आज त्याची फारशी गरज नसते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर घालावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे, हे खरं. पण बाहेरच्या संस्थेला तो पैसा घ्यायचा तर १२ए आणि ८०जी ही आयकराची नोंदणी लागते, सीएसआर-१ नावाचा नोंदणीचा अर्ज भरावा लागतो आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे निदान पुढची तीन वर्षं तुला स्वतःच्या बळावर काढायची आहेत.

तर खर्च मांडू. संध्याकाळी मुलीला शेंगदाणे-गूळ आणि एक केळं किंवा अंडं द्यायचं तर दहा रुपये धर. हा खर्च टाळू नकोस; राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आहेत, रिकाम्या पोटी धावायला लावणं हा अपराध आहे. ३६ मुली, महिन्याचे २५ दिवस: ९,०००. मोठ्या मुलींपैकी दोघींना मदतनीस म्हणून दीड-दीड हजार: ३,०००. फक्की, प्रथमोपचार, सॅनिटरी पॅड, येणं-जाणं: १,०००. महिन्याला १३,०००, वर्षाला दीड लाखाच्या थोडं वर. तू यात नाहीस, तुझ्याकडे नंतर येते.

हे उभं कुठून करायचं? इथे मैत्रिणीचा शब्द उपयोगी पडतो. सामाजिक उद्योग म्हणजे देणगीचा डबा नव्हे. तुझ्याकडे विकण्यासारखं काय आहे, ते विकायचं आणि नफा घरी न नेता कामात घालायचा. केनियातच अलाइव्ह अँड किकिंग नावाचा उपक्रम २००४ पासून आहे. ते स्थानिक लोकांना कामाला घेऊन चेंडू शिवतात, विकतात. त्या चेंडूंवर आरोग्याचे संदेश असतात आणि विक्रीच्या जोरावर गरीब शाळांना चेंडू पोचतात. तू चेंडू शिवू नकोस. तुझ्याकडे विकायला आहे तुझं बी.पी.एड. आणि राज्य पातळीचा खेळ. तालुक्याला इंग्रजी माध्यमाच्या कितीतरी शाळा असतील ज्यांच्याकडे खेळाचा शिक्षक नावापुरता आहे. दोन शाळांशी आठवड्याला चार तासांचा लेखी करार कर. समज प्रत्येकी पाच हजार मिळाले, तर दहा आले. उरलेले तीन हजार गावातून बाहेर पडलेल्या, नोकरीला लागलेल्या जुन्या खेळाडूंकडून. दहा जणांनी तीनशे दिले की झालं. देणाऱ्याला दर महिन्याला हिशेबाचा फोटो पाठव, त्यांनी मागितला नाही तरी.

एक धोका मात्र आहे. पैसे देणारी मुलं हळूहळू तुझा वेळ खातील. त्यांच्या स्पर्धा, त्यांचे पालक, त्यांचे फोन. मी अशा अकादम्या पाहिल्यात ज्या 'गरीब मुलांसाठी' म्हणून सुरू झाल्या आणि पाच वर्षांनी गरीब मुलं फक्त माहितीपत्रकावर उरली. म्हणून संध्याकाळचे दोन तास कुणालाही विकायचे नाहीत, एवढं कागदावर लिहून भिंतीला लाव.

नागपूरची गोष्ट तुला ठाऊक असेल. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा प्राध्यापक होते. पावसात झोपडपट्टीतली मुलं मोडकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि तिथून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पुढे तेच स्लम सॉकर. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. लोक पुरस्काराचं सांगतात, मला दुसरं सांगावंसं वाटतं: निवृत्तीच्या पैशातून बारसे यांनी आधी जागा घेतली. तू कर्ज काढून जागा घे असं मी मुळीच म्हणत नाही. पण मैदान कुणाच्या मर्जीवर आहे, हा प्रश्न जर्सीपेक्षा मोठा. मुख्याध्यापक बदलले तर काय? म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा समितीचं पत्र आत्ताच घेऊन ठेव: रोज पाच ते सात मैदान मुलींचं.

त्यावरून तुझे पुढारी भाऊ. सरळ नाही म्हणू नकोस, गावात राहायचंय. म्हण, 'भाऊ, जर्सी दोन वर्षांत फाटेल. मैदानाच्या कडेला मुलींसाठी संडास आणि एक दिव्याचा खांब ग्रामपंचायतीमार्फत करून द्या, गाव नाव काढेल.' फोटो जर्सीवर नाही आणि वाढदिवसाला स्पर्धा नाही. निवडणुकीत दुसऱ्या पार्टीचं घर आपली मुलगी त्या फोटोखाली खेळायला पाठवेल का? तुझ्या ३६ च्या २० होतील. मॅट तर नकोच. खो-खो मातीत छान होतो, आणि मॅट ठेवायच्या खोलीची किल्ली कुणाकडे जाईल ते तुला माहीत आहे.

संस्था की कंपनी, ते आता थोडक्यात. पहिलं वर्ष काहीच काढू नकोस. शाळेच्या छत्राखाली कर, बँकेत वेगळं खातं आणि वही. दुसऱ्या वर्षी सात सभासद जमव आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी कर. त्यातल्या दोन तरी मुलींच्या आया असू देत, ऊसतोडीला जाणाऱ्या. नवरा-भाऊ-चुलता अशी घरचीच समिती करू नकोस. नफा वाटून न घेणारी कलम ८ ची कंपनीही असते, पण तिचं कागदपत्रांचं ओझं तुला आज झेपणार नाही. खासगी कंपनी काढून फी घेणं यात पाप काही नाही, मात्र मग देणग्या मागायच्या नाहीत. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल एकदाही चुकवू नकोस. पुढे फार महागात पडतं.

यात एक गोष्ट ढिली सोडायची नाही. मुलींबरोबर कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. पालकांची लेखी संमती. स्पर्धेला मुक्कामी जाताना कोण सोबत, कुठे झोपायचं, हे आधी ठरलेलं. काही वावगं घडलं तर 'संघाचं नाव जाईल' म्हणून दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात माहिती असून गप्प बसणंही गुन्हा आहे.

राहिलं तुझं पोट. वडिलांचं ऐक, परीक्षा दे. तुझी राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं काढ, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात ती बसतात का, ते क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घे. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे आठवते ना? घरची अतोनात गरिबी, त्यातून भारताच्या खो-खो संघाची कर्णधार, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार, आणि नोकरी तालुका क्रीडा अधिकाऱ्याची. नोकरी घेतली म्हणून तिचा खो-खो कमी झाला असं कुणी म्हणत नाही. मला पूर्णवेळ झोकून दिलेल्या, तिशीत कर्जबाजारी आणि चाळिशीत कडवट झालेल्या कार्यकर्त्यांची भीती वाटते. घरात पगार येत असेल, तर भाऊंना नाही म्हणतानाही आवाज नीट निघतो.

पण मग तू परीक्षेला पुण्याला गेलीस, बदली झाली, लग्न झालं, बाळंतपण आलं, तर संध्याकाळी पाच वाजता मैदान कोण आखणार? तुझ्या लांबलचक पत्रात एकाही मुलीने काय केलं ते आलेलं नाही, सगळीकडे 'मी शिकवते' आहे. येत्या सोमवारी शिट्टी तिन्ही संघांपैकी सगळ्यांत थोरल्या मुलीच्या गळ्यात घाल आणि तू कडेला पाटावर बस. ती चुकीचा फाऊल देईल, पोरी भांडतील. लगेच उठू नकोस. पुढच्या महिन्यात हजेरीची वहीही त्यांच्याकडे दे.

आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मैदानावर किती जणी आल्या, तेवढा आकडा मला कळव. लांब पत्र नको.